प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरील वास्तव : टर्बोचार्ज्ड सेडान मोटारींच्या इंधनवापराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटार विकत घेताना 'गाडी लिटरला किती देते?' हा प्रश्न ग्राहक आवर्जून विचारतो. भारतात त्याचे उत्तर बहुधा पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'एआरएआय मायलेज'मध्ये शोधले जाते. प्रत्यक्ष रस्त्यावर तेवढे अंतर गाडी क्वचितच कापते. ही तफावत केवळ भारतीय नाही. अमेरिका व युरोपात तिला सुमारे अर्ध्या शतकाचा इतिहास असून वेगवान टर्बोचार्ज्ड सेडान मोटारींमध्ये ती विशेष ठळकपणे दिसते. अधिकृत आकडा खोटा नसतो. तो एका विशिष्ट चाचणीचा निकाल असतो. ती चाचणी आणि रस्ता यांच्यातील अंतर राज्यसंस्थेने केव्हा व किती मान्य केले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

टर्बोचार्जर : शक्तीकडून बचतीकडे

बाहेर जाणाऱ्या धुराच्या ऊर्जेवर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारीत हे तंत्र १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्डस्मोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून आले. १९७३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' ही सेडान सादर केली. तिचे १,९९० घनसेंटिमीटरचे इंजिन १७० अश्वशक्ती देत असे. जादा हवेमुळे इंजिनात 'नॉकिंग' होऊ नये म्हणून संपीडन गुणोत्तर अवघे ६.९ ठेवावे लागले. गुणोत्तर कमी असले की इंधनातील उष्णतेचे कामात रूपांतर कमी होते; त्यामुळे सावकाश चालवतानाही अशी गाडी इंधन जास्त घेते. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट उद्भवले आणि १,६७२ गाड्यांनंतर या मोटारीचे उत्पादन थांबले.

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये निराळा विचार मांडला. पेर गिलब्रांड यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'साब ९९ टर्बो'मध्ये छोटा टर्बोचार्जर आणि हवेचा दाब मर्यादित ठेवणारी झडप होती. मोठे इंजिन सतत बाळगण्याऐवजी लहान इंजिनातून गरजेपुरती जादा शक्ती घ्यावी, हे त्यामागील सूत्र होते. पुढे इंधनाची थेट फवारणी प्रचलित झाल्यावर टर्बो इंजिनांचे संपीडन गुणोत्तर १० च्या आसपास नेता आले. शक्तीचे साधन असलेला टर्बो अशा रीतीने बचतीचे साधन म्हणून पुढे आला.

चाचणीचा मूळ हेतू

अमेरिकेत इंधनवापराचे अधिकृत आकडे मुळात प्रदूषण मोजण्याच्या चाचणीतून निघाले. लॉस एंजेलिस शहरातील वाहतुकीवर आधारलेला वेगक्रम प्रयोगशाळेतील रोलरवर चालवायचा, धूर गोळा करायचा आणि त्यातील कार्बनवरून जळलेल्या इंधनाचा हिशेब मांडायचा, अशी ही पद्धत. महामार्गासाठीच्या चाचणीचा कमाल वेग ताशी सुमारे ९७ किलोमीटर होता. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली असल्याने तो त्या काळाशी सुसंगत होता. ही मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली, रस्त्यावरील वेग वाढले. चाचणीचा वेगक्रम मात्र तोच राहिला.

१९७५ च्या ऊर्जा कायद्याने कंपन्यांना सरासरी इंधनक्षमतेचे लक्ष्य घालून दिले. १९८५ साठी ते प्रतिगॅलन २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर होते. वाहनचालकांचा अनुभव या आकड्यांशी जुळत नसल्याने १९८५ पासून ग्राहकाला दाखवायच्या आकड्यात शहरासाठी १० टक्के व महामार्गासाठी २२ टक्के कपात करण्यात आली. कायद्याच्या पूर्ततेसाठी मात्र न घटवलेलाच आकडा धरला जात राहिला. एकाच चाचणीतून ग्राहकासाठी एक आणि उद्योगासाठी दुसरा असे दोन आकडे निघू लागले, ही बाब लक्षणीय आहे.

युरोपातील जुन्या चाचणीचा सरासरी वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर होता. १२० किलोमीटरचा कमाल वेग केवळ काही सेकंद गाठला जाई. भारतातील सुधारित चाचणीक्रम याच पद्धतीवर बेतला असून त्यात कमाल वेग ९० किलोमीटर आहे.

टर्बो आणि चाचणी यांचे नाते

अशा सौम्य चाचणीत टर्बो इंजिनावर भार कमी येतो. त्या वेळी ते एक लहान, काटकसरी इंजिन असते. रस्त्यावर चालकाने जोरात वेग घेतला की हवेचा दाब वाढतो आणि त्या प्रमाणात इंधनही वाढते. पूर्ण भारावर टर्बाइन अतितप्त होऊ नये म्हणून अनेक इंजिनांत ज्वलनाच्या गरजेपेक्षाही जास्त इंधन सोडले जाते. म्हणजे ज्या शक्तीसाठी ग्राहक ही गाडी घेतो, ती वापरताक्षणी अधिकृत आकड्याचा आधार सुटतो. २०१३ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी नियतकालिकाने केलेल्या चाचण्यांत १.६ लिटर टर्बो इंजिनाच्या फोर्ड फ्यूजन सेडानने प्रतिगॅलन २५ मैल दिले. टर्बो नसलेल्या, २.४ लिटर इंजिनाच्या होंडा अकॉर्डने ३० मैल दिले.

दुरुस्तीचे प्रयत्न

अमेरिकेने २००८ च्या मॉडेलांपासून जादा वेग, वातानुकूलन व थंड हवामान यांचा हिशेबात समावेश केला. युरोपात २००९ मध्ये कार्बन डायऑक्साइडची बंधनकारक मर्यादा आली आणि कागदावरील आकडा कमी ठेवण्याचे आर्थिक महत्त्व वाढले. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेच्या अभ्यासानुसार चाचणी व वास्तव यांतील तफावत २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होती. २०१५ मध्ये ती ४२ टक्क्यांवर गेली. सप्टेंबर २०१७ पासून अधिक वेगाची व दीर्घ अशी नवी चाचणी टप्प्याटप्प्याने लागू झाली. २०२१ पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदींवर आधारलेल्या युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात पेट्रोल मोटारींचा प्रत्यक्ष वापर नव्या चाचणीपेक्षाही सरासरी २३.७ टक्के जास्त आढळला.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मायलेजचा आकडा मोटारीचा स्थिर गुणधर्म नसून मोटार, चालक आणि रस्ता यांच्यातील संबंधाचे मोजमाप आहे. टर्बो इंजिनात हा संबंध अधिक लवचीक होतो. दुसरी, मोजण्याच्या पद्धतीवर कर व दंड अवलंबून असले की यंत्ररचना त्या पद्धतीकडे झुकते. तिसरी, चाचणी सुधारल्याने तफावत घटते, नाहीशी होत नाही. इंधनाचा खर्च ग्राहक आपल्या खिशातून आणि देश आयातीतून भागवतो. तो चाचणीतील वापरावर नव्हे, रस्त्यावरील वापरावर ठरतो. म्हणून प्रत्यक्ष वापराच्या नोंदी जमवून त्या जाहीर करणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही; तो ग्राहकाच्या माहितीच्या हक्काचा प्रश्न ठरतो.