नरक्याचं टिश्यू कल्चर : बाटलीत घालण्याआधी काडी निर्जंतुक कशी करतात?

सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरवरची औषधं त्यापासूनच तयार होतात. या मागणीपायी जंगलातली अख्खी झाडं तोडली गेली. म्हणूनच नरक्याची रोपं प्रयोगशाळेत तयार करण्याचे प्रयत्न चालतात. पण तिथं पहिली गाठ पडते बुरशीशी.

बाटलीतल्या खाद्यात लिटरला साधारण 30 ग्रॅम साखर असते. त्यावर काडी हळू वाढते, बुरशी मात्र झपाट्यानं.

त्यामुळे आधी पानं काढून, डोळा राखून काडीचे 2-3 सेंटिमीटरचे तुकडे करतात. पातळ साबणाचे थेंब टाकून ते वाहत्या नळाखाली अर्धा तास धुतात. मग कार्बेन्डाझिमच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीच्या बुरशीनाशकाच्या, पाण्यात ठेवतात. पुढचं काम गाळलेल्या हवेच्या कपाटात, लॅमिनार फ्लोमध्ये. तिथं 70 टक्के अल्कोहोलमध्ये सुमारे 30 सेकंद बुडवतात. शुद्ध अल्कोहोल जास्त चांगलं असं वाटेल, पण त्यात थोडं पाणी असलं तरच ते जंतूच्या आत नीट शिरतं. त्यानंतर 0.1 टक्का मर्क्युरिक क्लोराईडमध्ये साधारण 3 ते 5 मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्यानं चार-पाच धुण्या. रसायनानं भाजलेली टोकं कापूनच तुकडा बाटलीत जातो.

खरी मेख या मिनिटांत आहे. वेळ कमी पडला तर बुरशी उरते, जास्त झाला तर कोवळी काडी काळी पडते. जून काडी तग धरते, पण तिच्या आत जंतू दडलेले असतात. म्हणून आधी थोड्याच तुकड्यांवर वेळ बदलून बघावा लागतो. आठवडाभरात कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशी. बुडाशी दुधासारखी साय धरली तर जीवाणू. तो बऱ्याचदा आतून आलेला असतो, कितीही धुतलं तरी जात नाही.

त्यावर उपाय मातृझाडापासूनच करावा लागतो. झाड कुंडीत, आडोशाला ठेवायचं, पाणी पानांवर न मारता मुळाशी द्यायचं, आधी बुरशीनाशक फवारायचं आणि भर पावसात काडी घ्यायची नाही. जंगलातून काडी आणायची तर वनखात्याची परवानगी हवीच.

मर्क्युरिक क्लोराईड हे पाऱ्याचं जालीम विष आहे. ते घरी वापरू नये, उरलेलं पाणी मोरीत किंवा ओढ्यात ओतू नये. त्याऐवजी सोडियम हायपोक्लोराईट चालतं. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच.