मोड

‘मोडीत निघणे’ हा शब्दप्रयोग आज आपण अगदी टाकाऊ झालेल्या वस्तूविषयी करतो. नाशिकच्या तांबट आळीत त्याचा अर्थ इतका निराशेचा नव्हता. तळ गेलेला हंडा, चेपलेली घागर, कान तुटलेले तपेले घेऊन मंडळी दिवाळीपूर्वी गोदाकाठच्या भांडी बाजारात जात. दुकानदार जुने भांडे तराजूत घाली, मोडीचा भाव करी आणि तेवढी रक्कम नव्याच्या किमतीतून वजा होई. मोड भट्टीत जाई, तिचा पुन्हा पत्रा होई आणि तांबटाच्या हातोडीखाली त्याच तांब्याचा बंब उभा राही. आजीचा हंडा नातीच्या लग्नात निराळ्या रूपाने मिरवावयाचा, तो असा! शिवाय मोडीची पाळी फार उशिरा येई. त्याआधी डाग देणे होते, कल्हई होती. भांडे केव्हा संपले, हे ते वापरणाराच ठरवी. घडविणाऱ्याला त्यात बोलण्याचा अधिकार नव्हता.

हा अधिकार कारखानदाराने आपल्याकडे केव्हा घेतला याचा माग काढू लागले, की जिनिव्हाला जावे लागते. १९२४ च्या डिसेंबरात तेथे विजेच्या दिव्यांचे बडे कारखानदार एकत्र आले. फिलिप्स, ओसराम यांसारखी नावे त्यांत होती. ‘फीबस’ या नावाने त्यांनी संघ केला, जगाची बाजारपेठ वाटून घेतली आणि दिव्याचे आयुष्य १००० तास ठरविले. त्यापूर्वी दीड-दोन हजार तास चालणारे दिवे मिळत असत. सभासदांचे दिवे प्रयोगशाळेत तपासले जात आणि ज्याचा दिवा अधिक जगे त्याला दंड होई! दीर्घायुषी दिवा मंद जळतो, हे शास्त्र खरे आहे. परंतु शास्त्र पटवून देण्यासाठी कोणी दंड वसूल करीत नाही. दुसऱ्या महायुद्धाने तो संघ मोडला. युक्ती मात्र उरली.

संगणकाची हकिगत याहून चमत्कारिक आहे. दिव्याची तार निदान जळत तरी असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीला चार दिवस असताना, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल थांबविली. काहींना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, एवढेच. पुढच्या आवृत्तीला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कळफलक चालतो, पडदा उजळतो, पण यंत्र मोडीत! ते कोणी आपटले नाही, त्याला गंज चढला नाही. दूरच्या एका कचेरीत तारीख ठरली, इतकेच घडले.

अशा हुकमाला नकार देण्याची वाट एका छपाईयंत्रापाशी सुरू झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेत आलेले यंत्र सारखे अडे. अडल्याची सूचना सर्वांना मिळावी अशी सुधारणा त्यांना करावयाची होती. पण यंत्र चालविणाऱ्या प्रोग्रॅमची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा व दुसऱ्यास द्यावा, ही त्यामागची अट. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि दोहोंची सांगड बसली. तांबटाने घागरीबरोबर हातोडीही गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावी, असाच हा प्रकार.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. माळ्यावर ठेवलेला दहा वर्षांचा संगणक खाली काढावा, लिनक्सची हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन आधी तशीच चालवून पाहावी. जुन्या तबकडीऐवजी एस. एस. डी. बसविली तर चाल आणखी सुधारते. ‘लिब्रेऑफिस’ मराठीतूनही चालते. मुलांचे निबंध आणि घरचा हिशोब यांना आणखी काय हवे? अडचणी नाहीत असे नव्हे. एखादा प्रिंटर रुसतो, कचेरीचा एखादा ठराविक प्रोग्रॅम चालत नाही. फार जुन्या यंत्रांना तर येथेही निरोप मिळतो : ‘डेबियन’ने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिटी संगणकांसाठीची नवी मांडणी बंद केली. मात्र जुन्या आवृत्तीची संहिता कुलूपबंद नसते, हा फरक मोठा आहे.

नाही तर पुढे काय होते? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला हिस्सा चौथाईहूनही कमी. तांब्याचा हंडा वितळला की तांबेच हाती येते. संगणकाच्या पट्टीत तांबे, शिसे, कथील आणि सोन्याचा अंश राळेत असे जखडलेले असतात की साध्या भट्टीचे तेथे काम नाही. मग आडबाजूला कोणी वायरी जाळतो, कोणी पट्ट्या आम्लात बुडवितो. तांबे सुटते आणि विषारी धूर त्याच्या छातीत जातो. मोडीचा भाव करणारा येथेही आहे, तांबट मात्र नाही.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या आपल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणीकृत दुरुस्तीकारांनाही त्यांत स्थान आहे. वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा वापरात गेली, तर तेवढ्यापुरती उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. कल्हईवाल्याला सरकारदरबारी एवढी तरी ओळख मिळाली.