टॉर्क रेंच : एक्स्टेन्शन व अडॅप्टर यांचा अचूकतेवरील परिणाम

ठरावीक टॉर्कने बोल्ट आवळणाऱ्या पान्याला जोड दिला, तर बोल्टवरचा टॉर्क बदलतो का, हा वाहन व पंप उद्योगांतला नित्याचा प्रश्न. धार जिल्ह्यातील पीथमपूरला आयशर आणि फोर्स मोटर्स यांची वाहने बनतात, देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप. वाहनातल्या खोल जागेतील नटापर्यंत पोचायला एक्स्टेन्शन रॉड लागतो. फ्लँजमागे अडचणीत बसलेल्या नटावर वरून सॉकेट जात नाही, तिथे बाजूने अडकणारा क्रो-फूट अडॅप्टर लावावा लागतो. दोन्हींना एकच नियम लावणे चूक आहे. जोड किती लांब यापेक्षा तो कोणत्या दिशेने लांबतो, यावर टॉर्क ठरतो.

क्रो-फूट दांड्याच्या रेषेत पुढे आला, की हाताच्या पकडीपासून बोल्टपर्यंतचे अंतर वाढते; रेंच मात्र स्वतःच्या चौकोनी ड्राइव्हपाशीच मोजतो. पकड ते ड्राइव्ह ४०० मिमी आणि पुढे ५० मिमी असतील, तर २०० न्यूटन-मीटरवर ‘टक्’ वाजते तेव्हा बोल्टवर २२५ असतात. २०० हवे असतील तर रेंच सुमारे १७८ वर लावावा. क्रो-फूट ४५ अंशांत वळवल्यास बोल्टवर सुमारे २१८ येतात, काटकोनात फरक उरत नाही, त्याहून मागे वळवल्यास टॉर्क कमीच पडतो. आयएसओ ६७८९ या मानकात माप बदलता येणाऱ्या नेहमीच्या रेंचला १० न्यूटन-मीटरच्या वर ±४ टक्के सूट आहे. इथली साडेबारा टक्क्यांची चूक तिच्या तिप्पट भरते. शिवाय हिशेबातले ४०० मिमी पकडीच्या मध्यापर्यंतचे असतात. मूठ सरकली की दुरुस्तीही चुकते.

सॉकेटच्या अक्षातला सरळ रॉड ‘टॉर्क खातो’, हा आक्षेप मात्र हाती धरलेल्या रेंचपुरता टिकत नाही. सावकाश आवळताना रॉडच्या दोन्ही टोकांना टॉर्क सारखाच असतो. खर्ची पडतो तो कोन. १२ मिमी जाडीचा, २५० मिमी लांब पोलादी रॉड १०० न्यूटन-मीटरला सुमारे ९ अंश पिळतो. म्हणून टॉर्कनंतर अमुक अंश फिरवण्याच्या पद्धतीत, कोन दांड्यापाशी मोजला तर बोल्ट तेवढा कमी फिरलेला असतो. रॉड टॉर्क खातो हा समज बहुधा इम्पॅक्ट गनवरून आला असावा: तिथे ठोक्याची ऊर्जा रॉडच्या लवचीकपणात मुरते आणि आवळणी खरोखरच ढिली पडते. हाताच्या रेंचमध्येही लांब रॉड तिरका धरला तर बाजूचा भार येतो; दुसऱ्या हाताने सॉकेटच्या माथ्याला आधार द्यावा तो यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टॉर्कचा साधारण दहावा भागच बोल्टच्या ताणात उतरतो, बाकीचा डोक्याखालच्या व आट्यांतल्या घर्षणात जातो. तेल लागले-न लागले एवढ्यानेच ताण पुष्कळ बदलतो, मग अडॅप्टरचा हिशेब कशाला? पण घर्षणाची चूक कधी वर, कधी खाली जाते. अडॅप्टरची चूक प्रत्येक बोल्टवर एकाच बाजूला पडते आणि घर्षणाच्या चुकीत भर घालते. ती दूर करायला एक भागाकार पुरतो, घर्षणाबाबत तशी सोय नाही.

जोडाचा आणखी एक प्रकार म्हणजे वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट : तो ३० अंश वाकवल्यास, फिरण्याच्या स्थितीनुसार, टॉर्क सुमारे १३ टक्के कमी किंवा १५ टक्के जास्त मिळतो.