रविवारच्या मोकळ्या रस्त्याची कुळकथा

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्यात किल्ल्याच्या तटातून शिरतो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात हा तट उभारला तेव्हा घोडा, पालखी आणि फार तर बैलगाडी एवढाच हिशेब होता. आता त्याच वाटेनं एसटी, मिनिडोर, टेम्पो आणि शनिवार दुपारपासून मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग जाते. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की मागं कुणी घ्यायची यावर हॉर्न वाजू लागतात. गावातला सायकलवाला अशा वेळी वाडीच्या गडग्याला एक पाय टेकून उभा राहतो. कॅरिअरला पावाची टोपली असेल तर सायकल गडग्याकडे कलती करतो, म्हणजे गाडीचा आरसा टोपलीला लागत नाही.

अशा गावात ‘आठवड्यातून एक सकाळ रस्ता गाड्यांना बंद ठेवा, पोरांना सायकली चालवू द्या’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा आधी हसेल आणि मग म्हणेल, हे शहरातले चोचले. चोचले शहरातलेच, कबूल. पण त्यांचं कूळ शोधत मागं गेलं की हौसेपेक्षा भांडणच जास्त हाती लागतं.

मुळात चांगल्या रस्त्याची ओरड मोटारवाल्यांनी सुरू केलेलीच नाही. १८८० साली अमेरिकेतल्या सायकलस्वारांनी ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संघटना काढली आणि चिखलाचे रस्ते पक्के करा म्हणून सरकारच्या मागं लागले. मोटार नंतर आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

रविवारी गाड्या बंद ठेवायचा पहिला मोठा प्रयोगही सायकलप्रेमातून झाला नाही. ४ नोव्हेंबर १९७३ ला नेदरलँड्समध्ये देशभर रविवारची मोटार बंद झाली, कारण अरब देशांनी तेल रोखलं होतं. सरकारला पेट्रोल वाचवायचं होतं. लोकांनी मात्र हमरस्त्यावर सायकली काढल्या, चाकांचे बूट घातले, कुणी घोडे आणले. जानेवारीत सक्ती उठली आणि रविवार पुन्हा मोटारींचे झाले.

आज आपण ज्याला मोकळा रस्ता म्हणतो त्याचा मूळपुरुष बोगोता. कोलंबियाच्या या राजधानीत हाइमे ओर्तिस मारिन्यो नावाचा तरुण वास्तुविशारद अमेरिकेत शिकून परतला होता. मोटारींसाठी शहर मोडून बांधलं की काय होतं ते त्यानं तिथं पाहिलं होतं, आणि आपलंही शहर त्याच मार्गाला लागलेलं त्याला दिसत होतं. त्यानं मित्रांना गोळा केलं, पालिकेकडून भर वस्तीतले दोन मोठे रस्ते काही तासांपुरते मागून घेतले आणि १५ डिसेंबर १९७४ ला सायकलवाल्यांचा मोर्चा काढला. हजारो माणसं आली. १९७६ मध्ये पालिकेच्या हुकमानं ती गोष्ट कागदावर आली आणि ‘सिक्लोव्हिया’ नावानं रूढ झाली. पुढं ती रोडावली. १९९५ नंतर शहराच्या उद्यान खात्याचा प्रमुख गिलेर्मो पेन्यालोसा यानं तिला पुन्हा उभं केलं. आज तिची लांबी शंभर किलोमीटरच्या वर आहे.

त्यांची रीत नीट बघण्यासारखी आहे. दुभाजक असलेल्या रस्त्याची एक बाजू सायकली, पळणारे आणि बाबागाड्यांना द्यायची. दुसऱ्या बाजूनं वाहतूक चालू. आडव्या रस्त्यांवरच्या गाड्या अडवायच्या नाहीत. चौकाचौकांत गणवेशातली तरुण मुलं ‘थांबा’ची पाटी घेऊन उभी असतात, थोडा वेळ सायकली रोखून गाड्या सोडतात, मग गाड्या रोखून सायकली. आणि हे दर रविवारी, दर सुट्टीच्या दिवशी, सकाळी सात ते दुपारी दोन. तिथल्या बसचालकाला रविवारी कुठून वळायचं हे विचारावं लागत नाही. माझ्या मते सगळी मेख या नेमात आहे. आपल्याकडे एकादशी कधी हे कुणी फ्लेक्स लावून सांगत नाही, तसंच.

भारतात हे बी पडलं १७ नोव्हेंबर २०१३ ला, गुरुग्रामच्या ‘राहगिरी’त. पुढच्या वर्षी, २ नोव्हेंबर २०१४ ला, मुंबईत वांद्रे ते सांताक्रूझ ‘इक्वल स्ट्रीट्स’ सुरू झालं. लिंकिंग रोडवर रविवारी सकाळी लोकांनी चक्क क्रिकेट खेळलं, योगासनं घातली, लहानग्यांनी पहिल्यांदा आधाराची चाकं काढून सायकल चालवली. पण ते फार टिकलं नाही. २७ मार्च २०२२ ला तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी मरीन ड्राइव्ह, कार्टर रोड, मुलुंडची तानसा जलवाहिनी अशा ठिकाणी ‘संडे स्ट्रीट’ आणलं. उत्साह दांडगा होता. मात्र जो उपक्रम एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभा राहतो त्याला त्याच्या बदलीची धास्ती असते. पुण्यानं ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद ठेवून पादचारी दिन पाळला. लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध चालायला मिळणं ही पुणेकराच्या लेखी गणपती विसर्जनाखेरीज न घडणारी गोष्ट. तिथंही दुकानदारांची धाकधूक होतीच: गाडी दाराशी येणार नाही तर गिऱ्हाईक येईल का? गंमत अशी की एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात याच रस्त्याची गिऱ्हाइकं सायकल भिंतीला लावून खरेदी करत.

सायकलसाठी रस्ता अडवायची आपली एक जुनी सवय आहे, तीही विसरू नये. मुंबई–पुणे सायकल शर्यत. खोपोलीपासून चढ लागला की बोरघाट सगळ्यांत आधी सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. त्या सकाळी ट्रकवालेही बाजूला घेऊन बघत उभे राहतात.

आमच्या रायगड जिल्ह्यात तर अख्खं गावच बिनमोटारीचं आहे. माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तो डोंगर चढला, पुढं तिथं थंड हवेचं ठिकाण वसलं आणि मोटार आजही दस्तुरी नाक्याला थांबते. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. पण माथेरानचं गुणगान करणाऱ्यानं हातरिक्षाही बघावी. मोटार गेली म्हणून ओझं जात नाही; ते घोड्याच्या पाठीवर नाही तर माणसाच्या हातावर येतं. माणसानं माणसाला ओढायची ही हातरिक्षा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला. रस्ता बंद करताना गॅसची टाकी, बर्फाची लादी आणि आजारी म्हातारी कशी जाणार, हे आधी ठरवायला हवं. ते न ठरवता घातलेली बंदी श्रीमंतांची करमणूक होते.

आणि जत्रा? मार्गशीर्ष पौर्णिमेला चौल-भोवाळ्याच्या दत्ताची यात्रा भरते. खेळण्यांची, मिठाईची दुकानं, पाळणे, आणि डोंगराच्या वाटेवर पायी चालणारी माणसं. त्या गर्दीत मोटार घालायची कुणाची छाती होत नाही आणि कुणाला ती बंदीही वाटत नाही. म्हणजे रस्ता माणसांना देण्याची कला आम्हांला कुणी शिकवायची गरज नव्हती. बोगोताकडून घ्यायचं ते एवढंच, की देव नसतानाही, दर आठवड्याला.

फक्त वार बदलायला हवा. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. त्या बोटीनं मोटारी आल्या, तशा मुंबईच्या सायकलीही आल्या. हेल्मेटवाले सायकलस्वार भल्या पहाटे मांडवा सोडतात, आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याला चहाला थांबतात आणि पूल ओलांडून कोर्लईकडे जातात. त्यांच्या सायकलीची किंमत ऐकून आमच्या पंक्चरवाल्याच्या हातातला पाना थबकतो. त्याला चिंता वेगळीच: खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली चेन रॉकेलनं धुऊन पुन्हा तेल घालायची, आणि फ्रीव्हीलमधली वाळू काढायची. हे पाहुणे येतात तो रविवार. मोटारी येतात तोही रविवार. घरगुती खानावळीत मासे तळायचे, खोल्या झाडायच्या, शहाळी सोलायची, सगळं रविवारी. शहराची सुट्टी ती रेवदंड्याची सुगी. त्या दिवशी रस्ता बंद करा म्हणणाऱ्याला गाव उभं करणार नाही, आणि गावाचं बरोबर आहे. बोगोताची नक्कल वारासकट केली तर ती इथं एका सकाळीतच संपेल. आमचा मोकळा दिवस मंगळवार असू शकतो, किंवा शाळा सुटल्यानंतरचे बुधवारचे दोन तास.

मुख्य रस्त्याला हात लावायचं कारण नाही. मुरूडची एसटी त्याच्यावरूनच जाणार. तटाच्या आत, वाड्यांमधून समुद्राकडे उतरणारी एखादी आळी पुरे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ सरकारला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या रस्त्यावर वाहनं बंद ठेवू देतं; बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी केली की झालं. रेवदंड्यात ती प्रसिद्धी म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद, आणि मिनिडोरवाल्यांना आदल्या संध्याकाळी नाक्यावर गाठून सांगणं.