भिंतीवरच्या तक्त्याची जन्मकथा

रसायनशास्त्राच्या कोणत्याही महाविद्यालयीन वर्गात पाऊल टाकले की फळ्याशेजारी मूलद्रव्यांचा एक मोठा तक्ता टांगलेला दिसतो. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्याही वर्गात तो होता. खडूच्या धुळीने त्याचा रंग कधीच उडून गेला होता. निरिंद्रिय रसायनशास्त्र आम्हांला शिकविले जाई ते एका ठरावीक चालीवर: मूलद्रव्याचा आढळ, त्याचे निष्कर्षण, गुणधर्म आणि उपयोग. एक संपले की दुसरे. प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून निघणाऱ्या वायूच्या दुर्गंधीने जीव कासावीस होई, आणि घरी पाठांतराने. भिंतीवरचा तो तक्ता कोणी आणि कशासाठी केला, हे मात्र कोणी सांगितले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी ते वाचनात आले तेव्हा, खरे सांगायचे तर, थोडा रागच आला. कारण तो तक्ता ज्यांना शिकविण्याच्या गरजेतून जन्मला, ते आमच्यासारखेच नवखे विद्यार्थी होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या शास्त्रात मोठी बेबंदशाही होती. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक अणू की दोन, यावरही एकमत नव्हते. त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ धरी, तर कोणी १६. हा घोळ निस्तरण्यासाठी १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपातील रसायनज्ञ जमले. चर्चेतून फारसे काही निष्पन्न झाले नाही. पण निरोप घेताना एक इटालियन पुस्तिका सर्वांच्या हाती पडली. जेनोआ येथील प्राध्यापक कानिझारो यांनी अणुभार निश्चित करण्याची सुसंगत रीत तीत मांडली होती. ही पुस्तिका म्हणजे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानमालेचा १८५८ मध्ये छापलेला सारांश होता. वर्गातली टिपणेच म्हणा ना!

त्या सभेत सैबेरियातील टोबोल्स्क गावचा एक सव्वीस वर्षांचा तरुण बसला होता. त्याचे नाव दिमित्री मेंडेलेयेव्ह. १८६७ मध्ये तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे नव्या विचारांचे रशियन पुस्तक त्याला सापडेना, म्हणून त्याने स्वतःच लेखणी उचलली. पुस्तकाचे नाव ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’. पहिला खंड पाणी, हवा, कोळसा, मीठ अशा नित्य परिचयाच्या वस्तूंवरून मोठ्या ऐसपैस गतीने चालला. तो संपत आला तेव्हा ग्रंथकर्त्याच्या ध्यानात आले की ज्ञात मूलद्रव्ये त्रेसष्ट, आणि आपली सांगून झाली जेमतेम आठ! उरलेली पंचावन्न एका खंडात बसवायची कशी? कोणत्या क्रमाने सांगितली म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनात त्यांची अडगळ होणार नाही?

ही अडचण प्रथम शिक्षकाची होती, संशोधकाची नव्हे. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे एक कुटुंब. सोडियम, पोटॅशियम यांचे दुसरे. स्वभावाने दोन्ही अगदी विरुद्ध. मेंडेलेयेव्हने त्यांचे अणुभार शेजारी शेजारी मांडले. क्लोरीन ३५·५, तर पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८०, रुबिडियम ८५. आयोडीन १२७, सीझियम १३३. दोन परकी घराणी प्रत्येक वेळी एकमेकांच्या उंबरठ्याशी उभी! हा योगायोग खासच नव्हता. १८६९ च्या मार्चच्या पहिल्या तारखेस त्याने सबंध कोष्टक कागदावर उतरविले. (तेथील तत्कालीन पंचांगाप्रमाणे तो १७ फेब्रुवारी होता.) हे कोष्टक त्याला स्वप्नात दिसले अशी एक कथा सांगतात. कथा मोठी गोड आहे. परंतु त्या दिवसाचे खाडाखोडीने भरलेले कागद शिल्लक आहेत, आणि ते मात्र जागरणाची साक्ष देतात. त्याच महिन्यात हा शोध रशियन रसायन परिषदेपुढे वाचला गेला, तोही एका सहकाऱ्याने. कारण ग्रंथकर्ते चीज तयार करणाऱ्या दुग्धशाळांच्या पाहणीवर गेले होते.

त्या छापील कोष्टकात मला सर्वांत मोलाची वाटतात ती प्रश्नचिन्हे. ४५, ६८, ७० आणि १८० या अणुभारांपुढे नावाऐवजी केवळ प्रश्नचिन्ह आहे. येथे कोणीतरी असले पाहिजे, अजून सापडलेले नाही, असा त्याचा अर्थ. १८७१ मध्ये त्याने यांतील काही अज्ञातांचे गुणधर्मही वर्तविले आणि त्यांना ‘एका-अॅल्युमिनियम’, ‘एका-सिलिकॉन’ अशी नावे दिली. हे ‘एका’ म्हणजे आपल्या संस्कृतातले ‘एक’. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकाने त्याची घनता ४·७ मोजली. मेंडेलेयेव्हने, ती धातू डोळ्यांनी न पाहता, कळविले की ती ५·९ च्या सुमारास असावयास हवी. आपला नमुना अधिक शुद्ध करून पाहावा. पाहिला, आणि घनता ५·९ भरली. १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या खनिविद्यालयातील प्राध्यापक विंक्लर यांना जर्मेनियम मिळाले. भाकीत अणुभार ७२, प्रत्यक्षात ७२ हून किंचित अधिक. १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला तो याच जर्मेनियमच्या तुकड्यावर, आणि पुढे त्याच्याच बळावर रेडिओ लोकांच्या खिशात जाऊन बसला.

ही हाक कलकत्त्यापर्यंत पोहोचली होती. प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८९ पासून शिकविणारे प्रफुल्लचंद्र राय भारतातील दुर्मिळ खनिजांचे पृथक्करण करीत बसत. त्या कोष्टकातील एखादे रिकामे घर भरून काढणारे मूलद्रव्य आपल्या भूमीत सापडेल, ही त्यांची आशा त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. ते मूलद्रव्य काही सापडले नाही. मात्र त्याच सुमारास पारा आणि विरल नत्राम्ल यांच्या संयोगातून पिवळे स्फटिक खाली बसलेले त्यांनी पाहिले. अपेक्षित क्षार हा नव्हे, हे त्यांनी ओळखले. तो मर्क्युरस नायट्राइट होता, आणि १८९६ मध्ये त्याचे वृत्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्या एका क्षारातून नायट्राइटांच्या अभ्यासाची परंपराच कलकत्त्यात सुरू झाली. एवढे नाव झाल्यावरही रायबाबू खालच्या वर्गांची व्याख्याने मुद्दाम स्वतःकडे मागून घेत. कोवळ्या वयात मनाला आकार देता येतो, असे ते म्हणत. पुढे निरनिराळ्या वर्षांत नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, मेघनाद साहा हे त्यांच्याच समोरच्या बाकांवर बसले.