यात्रा, विहार आणि सहल : वसई–सोपारे येथील स्मारके व स्त्रियांचा प्रवास

स्त्रियांनी केवळ स्त्रियांच्या समवेत, जाणत्या मार्गदर्शिकेला बरोबर घेऊन, एखादे ऐतिहासिक स्थळ पाहावे व दिवस मावळण्याच्या आत घरी परतावे, हा प्रकार महाराष्ट्रात आता चांगलाच रूढ झाला आहे. पर्यटनसंस्थांनी त्याचा व्यवसाय केला, महिला मंडळांनी त्याला वार्षिक कार्यक्रमात स्थान दिले, आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने 'आई' या नावाचे स्त्रीकेंद्रित पर्यटन धोरण स्वीकारून त्यास राजमान्यताही दिली. या सहलींविषयी सुशिक्षितांच्या बोलण्यात दोन आक्षेप वारंवार येतात. पहिला असा की, ही अगदी अलीकडची नवलाई आहे व आपल्या परंपरेत तिला आधार नाही. दुसरा असा की, तीत इतिहास नावापुरता आणि करमणूक खरी. वसई तालुक्यातील दोन स्मारकांच्या आधारे या आक्षेपांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रस्तुत लेखिकेचा व्यवसाय भाषाभ्यासाचा असल्यामुळे आरंभ शब्दांपासून केला आहे.

सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरील एक अग्रगण्य बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि त्याच वर्षी अशोकाच्या शिलाशासनाचा एक खंडही त्यांच्या हाती लागला. तो आठव्या शासनाचा होता. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे दुसरा एक खंड मिळाला. तो नवव्या शासनाचा निघाला. मुळात येथे चौदाही शासने कोरलेली असावीत असे मानतात. काळाच्या तडाख्यातून हे दोन तुकडे वाचले हा केवळ योगायोग. पण योगायोग तरी केवढा बोलका! आठव्या शासनाचा विषय प्रवास हा आहे, आणि नवव्यात स्त्रियांचा प्रत्यक्ष उल्लेख येतो.

आठव्या शासनात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत. तीत मृगया व तत्सम करमणुकी असत. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. या धर्मयात्रेत श्रमण–ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, दान, आणि जनपदातील लोकांना भेटून त्यांच्याशी धर्मविषयक बोलणे, या गोष्टी येतात. सोपाऱ्याचा खंड त्रुटित असल्यामुळे हा आशय गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणच्या पाठांवरून पूर्ण करून घ्यावा लागतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन्ही प्रकारच्या प्रवासांना अशोक 'यात्रा' हाच शब्द योजतो. भेद दाखवितो तो पूर्वपद बदलून. आणि धर्मयात्रेत आपल्याला अधिक आनंद मिळतो, हेही सांगण्यास तो विसरत नाही. म्हणजे आनंद त्याला वर्ज्य नव्हता. सहलीत हसणेखिदळणे झाले की इतिहास बुडाला असे मानणाऱ्यांनी निदान सोपाऱ्यात तरी हे विसरू नये.

नववे शासन मंगलकृत्यांविषयी आहे. आजारपण, मुलामुलींची लग्ने, पुत्रजन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगले करतात. त्यांतही स्त्रिया पुष्कळ, विविध, क्षुद्र व निरर्थक मंगले करतात, असा राजाचा अभिप्राय आहे. (धर्ममंगल त्याला श्रेष्ठ वाटते हे ओघाने आलेच.) स्त्रियांसाठी योजलेला शब्द मात्र स्थळपरत्वे बदलतो. शाहबाजगढीस 'स्त्रियक' आहे. गिरनारला 'महिडायो' आहे, जे आपल्या 'महिला' शब्दाचे थोरले भावंड. आणि कालसीच्या पाठात 'अबकजनियो', म्हणजे आया आणि बायका. शासनाने आपल्या धोरणाला 'आई' हे नाव देताना कालसीचा पाठ कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. परंतु स्त्रीला नात्याच्या नावाने ओळखण्याची सवय किती जुनी आहे, हे यावरून दिसते. शिवाय दुसऱ्याच्या प्रवासाच्या वेळी मंगल करणारी जी स्त्री येथे दिसते, ती स्वतः प्रवासास निघालेली नाही. निघणाऱ्याच्या हातावर दही घालणारी आजची गृहिणी तिचीच वंशज होय.

पण सगळ्याच स्त्रिया उंबरठ्याशी थांबलेल्या नव्हत्या. काण्हेरी, कुडे, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांतील दानलेखांत भिक्षुणी व उपासिका यांची नावे मोठ्या संख्येने आढळतात. लेणे, पोढी, खांब यांसाठी दान देणारी स्त्री त्या स्थळाशी नाते सांगते. ती तेथे केवळ प्रेक्षक म्हणून आलेली नसते.

संस्कृतात 'यात्रा' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे सैन्याची चाल. मराठीने त्या अर्थाकरिता 'स्वारी' व 'मोहीम' हे शब्द घेतले, 'यात्रा' देवाकडे ठेवली, आणि तिचेच तद्भव रूप 'जत्रा' गावाच्या मेळ्यास दिले. एकाच घरात हे दोन्ही अर्थ कसे नांदत होते याचे उत्तम उदाहरण पेशव्यांचे आहे. बाजीराव व चिमाजी आप्पा यांच्या मातोश्री राधाबाई १७३५–३६ मध्ये उत्तरेच्या तीर्थयात्रेस गेल्या. उदेपूर, जयपूर येथील राजांनी त्यांचे आदरातिथ्य केले. मराठ्यांशी ज्याचे वाकडे होते त्या महंमदखान बंगशानेही त्यांना मान दिला. मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या सुखरूप परतल्या. इतिहासकारांनी या यात्रेचे राजनैतिक मोल मान्य केले आहे. तिच्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी त्यांच्या धाकट्या पुत्राने वसई घेतली. मुलाची मोहीम प्रत्येक शालेय पुस्तकात आहे. आईची यात्रा तज्ज्ञांच्या ग्रंथांत आहे.

यात्रेस वाटाड्या लागे, क्षेत्रात क्षेत्रोपाध्ये लागत. यात्रेकरूला हाताशी धरून कोणते स्थान आधी, कोणते नंतर, कोठे काय घडले हे सांगणारा हा उपाध्याय आजच्या मार्गदर्शकाचा पूर्वज होय. त्याच्या वहीत पुरुषांची वंशावळ लिहिलेली असे. स्त्री यात्रेस जाई, सर्व ऐके, आणि घरी येऊन शेजारणींना सांगे. तिचे सांगणे कोणी लिहून ठेवले नाही. स्त्रियांनी मिळून बाहेर पडण्यास लोकांची हरकत नव्हती, मात्र निमित्त धर्माचे लागे. कार्तिकातील आवळीभोजन, निर्मळची यात्रा, वज्रेश्वरीची उन्हाळी, विरारचा जीवदानीचा डोंगर ही या तालुक्यातील व आसपासची निमित्ते. 'सहल' हा अरबीतून आलेला शब्द मराठीने जवळ केला तेव्हा निमित्ताची ही अट गेली; मूळ शब्दाचा अर्थच सोपे, सहज असा आहे. निमित्त सुटले, आणि त्याबरोबर करमणुकीचा आक्षेपही आला. यात्रेतल्या फुगड्यांना कोणी करमणूक म्हणत नसे.

बदल घडविला तो आगगाडीने. १८६७ साली विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू झाली आणि वसईचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी परतू लागला. 'एका दिवसात' ही कल्पनाच त्यातून आली. १९९२ साली चर्चगेट–बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी लोकलगाडी धावू लागली, व पुढील वर्षी ती विरारपर्यंत आली. दररोज नोकरीसाठी एकत्र जाणाऱ्या स्त्रियांच्या मैत्रीचे जे गट अशा गाड्यांतून तयार झाले, त्यांनीच रविवारी किल्ला पाहावयास निघावे, यात नवल ते कोणते?

आता किल्ल्याकडे वळू. वसईचा कोट १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. दोन दरवाजे, एक जमिनीकडचा व एक समुद्राकडचा, त्यांच्यामध्ये सेंट जोसेफचे चर्च, जेझुइट, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन यांची मंदिरे व मठ, आणि आतला बालेकिल्ला. येथे येणाऱ्या सहलीस जे सांगितले जाते ते बहुधा एकाच प्रसंगाभोवती फिरते : वेढा, सुरुंग, सान सेबाश्चियन बुरुजाला पडलेले खिंडार, मे १७३९ मधील शरणागती. प्रसंग थोरच आहे व तो सांगितलाच पाहिजे. परंतु या कथनातील क्रियापदे पाहावीत : चढले, फोडले, पाडले, घेतले. अशा क्रियापदांच्या वाक्यांत स्त्री कर्ता म्हणून येत नाही. आलीच तर दयेचा विषय म्हणून येते. ऐकणाऱ्या सगळ्या स्त्रिया असल्या तरी सांगणाऱ्याचे व्याकरण बदलत नाही. स्त्रियांच्या सहलीत इतिहास नावापुरता असतो हा आक्षेप जेथे खरा ठरतो, तेथे दोष ऐकणारीचा की सांगणाऱ्याचा, हे पाहणे अवश्य आहे.

वस्तुतः या कोटाच्या दोनशे वर्षांत स्त्रियांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पोर्तुगालचा राजा आपल्या आश्रयातील अनाथ मुलींना पूर्वेकडील वसाहतींत पाठवीत असे. त्यांना 'राजाच्या अनाथ कन्या' म्हणत. त्यांच्याशी विवाह करणाऱ्यास हुंड्यादाखल अधिकाराची जागा किंवा गावे मिळत, आणि वसई ज्याची राजधानी होती त्या उत्तर प्रांतात अशी गावे स्त्रियांच्या नावे चालत. या भागात भातशेतीच्या एखाद्या गावाचा महसूल लिस्बनहून आलेल्या पोरक्या मुलीच्या लग्नावर अवलंबून असे. ती मुलगी स्वखुशीने आली नव्हती; गावातल्या कुळांनाही कोणी विचारले नव्हते. तटाच्या आतील घरांचे चौथरे पाहताना हे सांगितले तर ते चौथरे निराळे दिसतील. तसेच शरणागतीनंतर शिबंदी बाहेर पडली ती एकटी नव्हे, कुटुंबकबिल्यासह; मराठ्यांनी त्यांना सन्मानाने जाऊ दिले. म्हणजे वेढ्याच्या तीन महिन्यांत आत स्त्रिया व मुले होती, हा त्या कलमाचाच पुरावा.

भाषेचा पुरावा आणखी घरगुती आहे. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या शब्दांत काडतूस आहे, लिलाव आहे, पगार आहे. पण त्यांच्याइतकेच पाव, परात, घमेले, पिंप, चावी, बिजागरी, फीत हेही आहेत. काडतूस छावणीतून येईल; परात स्वयंपाकघरातूनच यावी लागते. ती वस्तू वापरणारे, घासणारे, मागणारे आणि देणारे हात एकत्र आल्याखेरीज तिचे नाव एका भाषेतून दुसरीत उतरत नाही. त्या हातांत स्त्रियांचे हात बहुसंख्य असणार, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. किल्ल्यातील कोणत्याही भग्न दारापाशी उभे राहून 'बिजागरी' या एका शब्दावर दहा मिनिटे बोलता येईल, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या घरी तो शब्द आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी दाखवीत नाही. किल्ल्यातून जाणारा रस्ता किल्लाबंदरच्या कोळीवाड्यास पोचतो. कोळणी रोज त्याच रस्त्याने ये-जा करतात. पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीने जे संरक्षित स्मारक, ते त्यांच्या दृष्टीने बाजाराची वाट. तसेच वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजातील वृद्ध स्त्रिया कादोडी बोलीत जे सांगतात, त्यात चर्च, विहीर, शेत, सोयरीक यांचा भूगोल असतो. मार्गदर्शिका म्हणून ज्यांना तयार करावयाचे त्यांत अशा घरांतील मुली असाव्यात, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे. बाहेरून आणलेली पाठ केलेली माहिती वेढ्यापाशी संपते.

सोपाऱ्याच्या बाबतीत अडचण वेगळी. तेथे पाहावयास उंच काही नाही. स्तूपाचे अवशेष विटांचे आणि ठेंगणे. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे सुपे–टोपल्या विणणारा, आणि शूर्प म्हणजे सूप. नगराच्या विस्मृत नावाचा अर्थ लोककथेने अशा रीतीने जपून ठेवला असावा, असा माझा तर्क आहे. उत्खननात येथे दगडी करंड मिळाला. त्यात ब्राँझच्या बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे होते. यांपैकी काहीच आता जागेवर नाही, त्यामुळे सहली नालासोपाऱ्यास टाळून सरळ किल्ल्याकडे जातात. सकाळी स्तूप, दुपारी किल्ल्यातील एखाद्या चर्चच्या सावलीत जेवण, उन्हे कलल्यावर तट, असा क्रम ठेवल्यास दोन्ही एका दिवसात सहज होतात. मात्र पाणी व स्वच्छतागृह यांची सोय आधी पाहून ठेवावी लागते, आणि ती न झाल्यामुळे कित्येक सहली अर्ध्यावर आटोपत्या घेतल्या जातात.

अशोकाचा लेख पाहावयाचा तर त्यासाठी दुसरा दिवस काढावा लागेल. सोपाऱ्याचा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि चर्चगेटला उतरल्यावर तेथे पायीही जाता येते.