तारण ठेवलेले शब्द

पुण्यात लक्ष्मी रोडवर एखाद्या पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ लिहिलेले असते. तिथून गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चमध्ये गेलात, तर रविवारच्या उपासनेत तोच शब्द कानावर येतो: तारण. पेढीत तो गहाणाचा, चर्चमध्ये मुक्तीचा. नव्या करारातल्या मूळ ग्रीकमध्येही हा विचार बाजारातूनच आला आहे, कारण तिथला ‘लुत्रोन’ म्हणजे गुलाम सोडवण्यासाठी मोजायची रक्कम. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याचे स्वागत मी या पाटीखाली उभे राहून करतो.

शब्दांचे सामर्थ्य म्हटले की याकोबाच्या पत्रातली जीभ आठवते. एवढेसे सुकाणू मोठे जहाज वळवते आणि एक ठिणगी रान पेटवते. प्रवचनाला हा विषय उत्तम आहे. आपल्या अभ्यासाला मात्र त्याच्या अलीकडून सुरुवात करावी लागते, कारण जिभेवर कोणता शब्द ठेवायचा हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ‘लोगोस’साठी मराठीने ‘शब्द’ घेतला. ग्रीक तत्त्वज्ञांचा विवेक त्यात पुरता उतरत नाही, हे खरे. पण हिब्रू ‘दाबार’ म्हणजे उच्चार आणि घडलेली गोष्ट दोन्ही, आणि मराठी माणूस ‘शब्द दिला’ म्हणतो तेव्हा बोलणे आणि करणे त्याच्याही लेखी एकच असते. ‘मंडळी’चे तर विचारूच नका. चर्चसाठी हा शब्द रूढ झाला तेव्हा घराघरांत नवरे बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणत होते. नव्या करारात मंडळीला ख्रिस्ताच्या वधूची उपमा आहे. हा योग कोणी जुळवला असेल असे वाटत नाही.

असे शब्द ठरवणाऱ्यांपैकी फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. ओवी इथली, पुराणाचा घाट इथला, आणि स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’. पुढे 1684 मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने लोकांना आपली भाषा सोडण्याचे फर्मान काढले. शब्दाचे बळ ओळखणारे सगळेच कवी नसतात.

पंडिता रमाबाईंनी स्टीफन्स यांच्या नेमकी उलटी वाट धरली, आणि मला तीच अधिक विचार करायला लावते. पुराणिकाच्या घरात वाढलेली, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. संस्कृत शब्दाबरोबर काय काय चिकटून येते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. प्रचलित मराठी बायबलमधली हिंदू दर्शनांच्या छटांची संस्कृत पदे तिला खटकली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल स्वतः मराठीत आणायला घेतले. जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला ते वाचता यावे, हा तिचा निकष. छपाईही मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या आणि हे बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. त्याची भाषा काही ठिकाणी ओबडधोबड लागते, हे मान्य करायला हवे. मराठीतून संस्कृत वेगळे काढणे म्हणजे दुधातून पाणी काढण्यासारखेच, आणि ‘मुक्ती’ हे नाव तर तिने स्वतःच ठेवले होते.

कवी नारायण वामन टिळकांना असे काही वेगळे काढावेसे वाटले नाही. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांचे अभंग चर्चमध्ये टाळ-मृदंगावर गायले गेले. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ आले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ख्रिस्ती समाजाबाहेरही ते वाचले गेले.

नव्या अभ्यासकाने आधी मोठमोठे सिद्धान्त हाती घेऊ नयेत. योहानाचा पहिला अध्याय, रमाबाईंचा आणि दिब्रिटोंचा, शेजारी शेजारी ठेवावा आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा असावा. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. रमाबाईंच्या पानावर खुणा जास्त होतील. त्या खोडू नयेत, पुढच्या वाचनाला लागतात.